मोठ्यांच्या शिकण्याला जागा कुठे आहे?

दहावी-बारावीचे निकाल लागले की एक वाद दरवर्षी नव्यानं पेटतो. शाळेनं पायथागोरसचा सिद्धांत शिकवला, पण आयकराचं विवरणपत्र भरायला शिकवलं नाही, अशा अर्थाचा मजकूर मोबाइलवर फिरू लागतो. नागपुरात तो धरमपेठेतल्या पालकसभेत ऐकू येतो, अंबाझरी उद्यानात सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या घोळक्यात ऐकू येतो आणि लग्नाच्या पंगतीतही. एका बाजूचं म्हणणं असं की शाळेत जीवनकौशल्यांचा विषय सक्तीचा करा. पैसा, कायदा, राग आवरणं, नाती सांभाळणं, सगळं अभ्यासक्रमात आणा. दुसरी बाजू म्हणते, हे घरचं काम आहे. आमच्या आईवडिलांनी वेगळा तास न घेता आम्हाला हे दिलं, आताच्या आईवडिलांना सवड नाही एवढंच. दोन्ही बाजू तावातावानं बोलतात आणि माझ्या मते दोन्ही एकाच ठिकाणी चुकतात. जगण्याचे धडे लहानपणी एकदाच पदरात पाडून घ्यायचे असतात, हे दोघांनीही गृहीत धरलं आहे. भांडण उरलं आहे ते फक्त कोणी द्यायचे यावर.

माझं म्हणणं असं की जगण्यातले सर्वांत अवघड धडे चाळिशी-पन्नाशीच्या आधी शिकताच येत नाहीत, कारण ते शिकायला लावणारी परिस्थितीच तोवर आलेली नसते. त्यामुळे शाळेच्या वेळापत्रकावरचा हा वाद मूळ प्रश्नाला हातच घालत नाही. मोठ्या माणसांना शिकायला या शहरात जागा, वेळ आणि मुभा आहे का, हे विचारायला हवं. आज ती जवळजवळ नाही, आणि त्याची किंमत घराघरांतून पैशात, नात्यांत आणि प्रकृतीत मोजली जाते आहे.

ज्याला आज ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणतात ती फसवणूकच घ्या. व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस दिसतो, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले असं सांगतो, खोलीचं दार लावून घ्यायला लावतो आणि तासन्‌तास धमकावून खातं रिकामं करायला भाग पाडतो. या सापळ्यात अडकणाऱ्यांत निवृत्त अधिकारी, डॉक्टर, प्राध्यापक आहेत. म्हणजे शाळा-कॉलेजात ज्यांनी उत्तम शिकून घेतलं तेच. व्हिडिओ कॉलवरून अटक करण्याची कोणतीही तरतूद आपल्या कायद्यात नाही आणि असा फोन आला तर तो बंद करून 1930 या क्रमांकावर कळवायचं असतं, हे दोन वाक्यांचं ज्ञान आहे. ते त्यांना 1975 सालच्या कोणत्या वर्गात मिळणार होतं? यूपीआय आलं 2016 साली. ज्या माणसानं आयुष्यभर पासबुकावर बँकेचा शिक्का पाहून विश्वास ठेवला, त्याला साठीनंतर विश्वास कशावर ठेवायचा हेच पहिल्यापासून शिकावं लागतं.

हे नव्या तंत्रज्ञानाचं झालं. जुन्या गोष्टींचं तरी काय? बँकेच्या ठेवीवर नॉमिनी लावला की झालं, असं मानणारी शिकलीसवरली माणसं आजूबाजूला पाहा. नॉमिनीला बँक पैसे देते ते वारसांच्या वतीनं सांभाळायला. केवळ नाव लावल्यानं तो मालक होत नाही. मृत्युपत्राला स्टॅम्पपेपर लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही, दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यात. घर मुलाच्या नावे करून देताना आपली देखभाल करण्याची अट दस्तात घालावी, म्हणजे ती मोडल्यास 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 खाली उपविभागीय पातळीवरच्या न्यायाधिकरणाकडे जाऊन ते बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं. हे माहीत नसल्यामुळे म्हातारपणी स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखं राहण्याची पाळी आलेली माणसं मी पाहिली आहेत. आठवीच्या मुलाला वारसाहक्क शिकवता येईल. तो परीक्षेत उत्तरही लिहील. पण आईवडिलांचं घर आणि भावाबहिणींचे चेहरे एकाच वेळी समोर असताना त्या कागदाचं काय करायचं, हे त्याला आठवीत कळणार नाही. कळू नयेच.

आणि कायद्याच्याही पलीकडचे धडे आहेत. ज्या वडिलांनी सायकल शिकवली त्यांना बाथरूमपर्यंत हाताला धरून न्यायचं आणि तरीही त्यांचा मान राखायचा. विस्मृती जडलेली आई तोच प्रश्न दहाव्यांदा विचारते, तेव्हा तिला दुरुस्त करण्याचा आपला आग्रह सोडायचा, कारण त्या दुरुस्तीनं तिची फक्त भीती वाढते. पंचविशीतल्या मुलीनं घेतलेला निर्णय पटत नसताना गप्प कुठं राहायचं आणि बोलायचं कुठं, ते ठरवायचं. नोकरीतून निवृत्त झाल्यावर घरातल्या माणसांना हाताखालचे कर्मचारी समजायचं थांबवायचं. माफी मागायची, विशेषतः आपल्याहून लहान माणसाची. पहिल्या बाजूला माझा प्रश्न आहे, यातलं काय पाठ्यपुस्तकात मावेल? दुसऱ्या बाजूला प्रश्न असा की तुमच्या आईवडिलांनी यातलं तुम्हाला खरंच शिकवलं होतं, की त्यांनाही ते जमलं नाही आणि घरात त्यावर कोणी बोललंच नाही?

आता समोरच्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा. शाळा ही या देशातली एकमेव जागा आहे जिथं जवळजवळ प्रत्येक मूल येतं. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानं 6 ते 14 वयाच्या प्रत्येक मुलाला ती जागा दिली. मोठ्या माणसाला शिकवायचं तर त्याला गाठणार कसं? जो येईल तो शिकेल, आणि येणारा नेहमी सवड असलेला, म्हणजे बहुधा सुखवस्तू माणूसच असेल. मग जे शिकवायचं ते सगळं शाळेतच भरलेलं काय वाईट? हा आक्षेप मला खरा वाटतो. व्याजाचा हिशोब, कर्जाचा हप्ता, शरीराची ओळख, नकार देणं आणि नकार ऐकून घेणं हे शाळेत यायलाच हवं, त्याला माझा विरोध नाही. पण सर्वांपर्यंत पोचण्याची सोय आहे म्हणून नको त्या वयात नको तो धडा देणं, याला शिकवणं म्हणता येत नाही. शिवाय या युक्तिवादात एक क्रूरपणा दडलेला आहे. ज्यांची शाळा सुटली, जिथं ती धड भरलीच नाही, त्यांना आपण यातून सांगतो की तुमची गाडी गेली. विदर्भातल्या किती शेतमजूर बायकांची ती गाडी अशीच गेली आहे!

दुसरा आक्षेप स्वभावाचा. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असं आपण म्हणतो. आमच्याकडच्या बोलीत तर तो थेट तोंडावर येतो: “आता या वयात कायले शिकाचं?” माणूस मोठेपणी बदलतच नसेल तर हा सगळा खटाटोप कशासाठी? हा प्रश्न दुसऱ्या एखाद्या शहरात विचारला तर समजू शकतं. नागपुरात तो विचारणाऱ्याला मी दीक्षाभूमीवर जायला सांगेन. 14 ऑक्टोबर 1956 रोजी तिथं जमलेली लाखो माणसं शाळकरी नव्हती. गिरणीत राबणारे, विड्या वळणारे, दुसऱ्याच्या शेतावर खपणारे बाप्ये आणि बाया होत्या. त्यांनी त्या प्रसंगी घेतलेल्या बावीस प्रतिज्ञा नीट वाचा. त्यांत काय सोडायचं आहे आणि काय अंगी बाणवायचं आहे हे दोन्ही आहे: जुनी दैवतं आणि विधी सोडायचे, सर्व माणसांना समान मानायचं, चोरी करायची नाही, खोटं बोलायचं नाही, दारू प्यायची नाही. पिढ्यान्‌पिढ्या अंगात मुरलेलं मोठ्या वयात उतरवून टाकायचा संकल्प होता तो, आणि घरोघरच्या देव्हाऱ्यांपासून मुलींच्या शिक्षणापर्यंत त्याचे परिणाम या शहरानं पाहिले.

ज्यांनी ती दीक्षा दिली त्यांच्याकडे पाहिलं तर मुद्दा आणखी स्पष्ट होतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1935 साली येवल्यात जाहीर केलं की आपण हिंदू म्हणून मरणार नाही. तेव्हा ते 44 वर्षांचे होते. कोलंबिया, लंडन, बॅरिस्टरी, सगळं पाठीशी होतं. तिथून नागपूरपर्यंत पोचायला 21 वर्षं गेली. त्या काळात त्यांनी धर्मांचा तौलनिक अभ्यास केला, पाली भाषेचा अभ्यास केला, पालीच्या शब्दकोशाचं काम केलं, आणि या सगळ्यासोबत संविधानाच्या मसुद्याचं ओझंही वाहिलं. एवढ्या विद्वान माणसाला, स्वतः जाहीर केलेल्या निर्णयाचं उत्तर शोधायला 21 वर्षं अभ्यास करावासा वाटला. आपल्याला मात्र पदवी मिळाल्यावर किंवा मुलांची लग्नं झाल्यावर शिकणं संपलं असं वाटतं. आजही धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या परिसरात पुस्तकांच्या दुकानांची रांग लागते आणि खेड्यापाड्यांतून आलेली, हातात पिशवी घेतलेली मोठी माणसं तिथं उभी राहून पुस्तकं चाळतात, घासाघीस करतात, विकत घेतात. जित्याची खोड जाते. ती जाण्यासाठी कारण हवं, सोबत हवी, आणि शिकणाऱ्याला कमी लेखणारं कोणी नसावं.

याच मातीत दुसरीही उदाहरणं आहेत. गाडगेबाबा कीर्तनात मोठ्या माणसांना प्रश्न विचारत. समोरचा समुदाय उत्तर देता देता स्वतःच्या तोंडून कर्जाबद्दल, दारूबद्दल, शिवाशिवीबद्दल कबुली देई. तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर तेच केलं, आणि ग्रामगीतेत जीवनशिक्षणावर स्वतंत्र अध्याय लिहिला तो गावातल्या कर्त्या माणसांना समोर ठेवून. नागपूरहून दीड-दोन तासांच्या वाटेवरच्या सेवाग्रामचं तर फारच बोलकं आहे. 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम, म्हणजे हाताच्या कामातून शिकवण्याची पद्धत, मांडली ती 7 ते 14 वर्षांच्या मुलांसाठी. 1945 पर्यंत त्यांचा विचार पुढं गेला होता. सेवाग्रामच्या परिषदेत त्यांनी तिची कक्षा आईच्या पोटापासून मृत्यूपर्यंत वाढवली आणि प्रौढशिक्षण हा तिचा भाग झाला. मुलाला शिकवायचं तर त्याच्या घरातलं आणि गावातलं मोठं माणूसही शिकत असायला हवं, हे आठ वर्षांच्या प्रयोगातून आलेलं शहाणपण होतं. आजच्या वादात आपण पुन्हा 1937 च्या टप्प्यावर जाऊन बसलो आहोत.

तिसरा आक्षेप सरकारी अनुभवाचा आहे, आणि तो घेणाऱ्यांची निराशा मला कळते. 2 ऑक्टोबर 1978 ला राष्ट्रीय प्रौढशिक्षण कार्यक्रम सुरू झाला, 1988 ला साक्षरता मिशन आलं, आणि आता 2022 पासून 2027 पर्यंत केंद्र सरकारचा ‘उल्लास’ हा साक्षरता कार्यक्रम चालू आहे. यातून अंगठ्याच्या जागी सही आली, हे लहान काम नव्हे. रेशनच्या रजिस्टरवर स्वतःचं नाव लिहिणाऱ्या बाईला त्याचं मोल विचारा. पण पुष्कळ ठिकाणी आकडे भरले गेले आणि वर्ग बंद पडले, हेही तितकंच खरं. ‘उल्लास’च्या आराखड्यात कागदावर फार चांगली गोष्ट आहे: अक्षरओळखीच्या जोडीला आर्थिक, डिजिटल आणि कायदेविषयक साक्षरता, आरोग्य, बालसंगोपन अशी जीवनकौशल्यं त्यात लिहिलेली आहेत. प्रत्यक्षात लोकांना दिसते ती एक परीक्षा आणि सर्वेक्षणाच्या कामाला वैतागलेले शिक्षक. राज्यातल्या शिक्षक संघटनांनी 2023 साली त्या कामावर बहिष्कारच घातला होता. आधीच वाकलेल्या माणसाच्या पाठीवर आणखी एक काम टाकून शिक्षण होत नाही. आणि ज्याच्याकडे पदवी आहे त्याच्यासाठी तर या कार्यक्रमांत काहीच नाही. तो शिकून झालेला माणूस धरला जातो.

या अपयशातून काय निष्कर्ष काढायचा? मोठी माणसं शिकत नाहीत, असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी बचत गटांकडे पाहावं. चाळिशीतल्या, क्वचित शाळेचं तोंड पाहिलेल्या बायका महिन्याच्या बैठकीत हिशोब मांडायला शिकल्या, बँकेत जाऊन व्यवस्थापकाशी बोलायला शिकल्या, एकमेकींना कर्ज नाकारायलाही शिकल्या. कोणी त्यांना बाराखडीपासून सुरुवात करा म्हटलं नाही. स्वतःची अडचण हाच त्यांचा अभ्यासक्रम होता. ठाणे जिल्ह्यातल्या फांगणे गावी 2016 साली आजीबाईंची शाळा सुरू झाली, तिथल्या आज्यांना पोथी स्वतः वाचायची होती. म्हणून त्या गुलाबी लुगड्यांत, पाटी घेऊन येऊन बसल्या. त्यांची छायाचित्रं देशभर फिरली. पण त्या छायाचित्रांवरचं कौतुक पाहून मला अस्वस्थ वाटतं. आजी शिकते हे आपल्याला गोड वाटतं, बातमी वाटतं. ज्या दिवशी ते बातमी वाटणार नाही त्या दिवशी काही बदललं असं म्हणता येईल.

कौतुकाच्या जोडीला एक मायेचा अडथळाही आहे, आणि मला तो सर्वांत जास्त खुपतो. आई फोन हातात घेऊन विजेचं बिल भरायला बसते, दोनदा चुकते, आणि मुलगा म्हणतो, “दे इकडे, मी करून देतो.” अर्ध्या मिनिटात बिल भरलं जातं. मुलाला वाटतं मदत केली; आईच्या मनात बसतं की हे आपल्यानं होणार नाही. असं वर्षभर झालं की ती फोनला घाबरू लागते, आणि घाबरलेला माणूस ठगाला सर्वांत सोपा. तिला चुकू देणं, ती चुकताना शेजारी गप्प बसणं, हा त्या तिशीतल्या मुलाचाही धडाच आहे. उलट बाजूनं घरातल्या कर्त्या पुरुषाला “मला हे येत नाही, सांग” असं सुनेला किंवा नातवाला म्हणता येत नाही, कारण त्यानं मान कमी होतो असं त्याला शिकवलं गेलंय. रमाबाई रानडे लिहा-वाचायला लागल्या तेव्हा घरातल्या बायकांनी त्यांना छळलं. पुढं 1909 साली त्यांनी पुण्यात सेवासदन काढलं तेव्हा मोठ्या वयाच्या, संसारी, विधवा स्त्रिया तिथं निर्धास्तपणे शिकायला येऊ शकल्या. घरात जी मुभा मिळत नाही ती घराबाहेरच्या एखाद्या जागेत मिळते. म्हणूनच मी जागेबद्दल इतका आग्रही आहे.

राहतो तो वेळेचा प्रश्न, आणि माझ्या मते हाच सगळ्यांत जड आहे. बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या एमआयडीसीत बारा तास घालवून आलेल्या माणसाला, चार घरची धुणीभांडी करून स्वतःचा स्वयंपाक करणाऱ्या बाईला मी कोणत्या तोंडानं सांगू की शिका? सांगायचं नाहीच. वेळ ही सुद्धा द्यावी लागणारी गोष्ट आहे. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1855 साली कामकरी स्त्री-पुरुषांसाठी स्वतःच्या घरी रात्रीची शाळा काढली, कारण दिवस त्यांच्या मालकीचा नव्हता हे त्यांना दिसत होतं. आज आपल्याकडे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 पासून आहे, विद्यापीठ कायद्यानं प्रत्येक विद्यापीठात आजीवन अध्ययन व विस्तार मंडळ आहे. पण कामगाराच्या पाळीला जुळणारा, वस्तीतून पायी जाता येईल असा, परीक्षा नसलेला वर्ग शोधून पाहा. वाचनालयांत संध्याकाळी जागा असते ती स्पर्धापरीक्षेच्या मुलांना. त्यांना ती हवीच. पण त्यांच्या बापाला आठवड्यातून दोन तासांसाठीही तिथं खुर्ची नसावी?

जागा नाहीत असं मात्र नागपूरकरांनी म्हणू नये. महापालिकेनं आणि नागपूर सुधार प्रन्यासनं (नासुप्र) वस्त्यावस्त्यांत बांधलेली समाजभवनं आहेत. लग्न, बारसं, तेरवी आणि राजकीय मेळावा सोडला तर त्यांना कुलूप असतं. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी ती उघडी ठेवा. एकदा निवृत्त बँक कर्मचारी येऊन खात्यातली फसवणूक कशी ओळखायची ते दाखवेल, एकदा वकील मृत्युपत्राचा नमुना सगळ्यांकडून लिहून घेईल, एकदा मेडिकलमधली परिचारिका अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस कशी बदलायची ते करून दाखवेल. काही संध्याकाळी कोणी शिकवणाराच नसावा. आईवडिलांना सांभाळणारी माणसं एकमेकांशी बोलतील, तेवढं पुरे. नागपूरचा उन्हाळा पाहता एप्रिल-मेमध्ये वेळ रात्री आठनंतरची ठेवावी लागेल. बायकांसाठी येताना मुलं सोबत आणण्याची सोय हवी, नाहीतर अर्धी वस्ती घरीच राहील.

यावर कोणी म्हणेल, अशी व्यासपीठं लवकरच कुठल्या ना कुठल्या संघटनेच्या प्रचाराची होतात, आणि मोठ्या माणसांना उपदेश करायला सगळेच टपलेले असतात. भीती रास्त आहे. त्यावर एकच उपाय मला दिसतो: विषय येणाऱ्यांनी ठरवायचा आणि फळ्यावर पुढच्या आठवड्याचा प्रश्नही त्यांनीच लिहायचा. बोलवलेल्या माणसानं उत्तर द्यायचं, भाषण नाही. खर्च म्हणाल तर वीज, चौकीदाराचा पगार आणि चहा. नगरसेवकाकडे रस्त्यासाठी आणि नालीसाठी जसा अर्ज घेऊन जातो तसाच या दोन संध्याकाळींसाठी घेऊन जावं, आणि त्या अर्जावर पहिल्या सह्या शाळेत काय शिकवावं यावर इतकी वर्षं भांडणाऱ्या दोन्ही बाजूंच्या पालकांनी कराव्यात.